उत्तर: गटाने सायकल चालवताना चढावर गिअर कधी बदलावा?
‘चढ लागायच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाका’ असं वरच्या एका उत्तरात आलंय, ते अर्धंच पटलं. पुढची (पेडलजवळची) चकती आधी बदलायची हे खरं. पेडलवर पूर्ण जोर असताना बदलली तर चेन चकतीवरून आत पडू शकते. मागच्या चाकाचे गिअर मात्र एकेक करून हलके करा, नाहीतर पाय नुसतेच गरगरतात, वेग पडतो आणि मागचा सायकलवाला अंगावर येतो.

सीटवरून उठण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. उठताना सायकल क्षणभर मागे खेचली जाते, मागच्याचं पुढचं चाक तुमच्या चाकाला घासतं आणि पडतो बहुधा तोच. म्हणून आधी एक गिअर जड करा आणि पेडल खाली दाबतानाच उठा. ८-१० किमी वेगाला पुढच्यामुळे वारा अडण्याचा फायदा नगण्यच, तेव्हा सायकलभर अंतर खुशाल ठेवा.