सॉल्ट लेक स्टेडियमची क्षमता एवढी कमी कशी झाली?

पूर्वरंग: 2017 च्या 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा एक उपांत्य सामना मी नव्या मुंबईत पाहिला, दुसरा त्याच दिवशी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, म्हणजेच विवेकानंद युवभारती क्रीडांगणावर झाला. 1984 मध्ये खुल्या झालेल्या या स्टेडियमची क्षमता एके काळी 1,20,000 सांगितली जात असे. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मात्र 66,684 प्रेक्षकांचीच नोंद आहे. नूतनीकरणात तिन्ही मजले कायम राहिले असताना एवढ्या जागा गेल्या कुठे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गंगाकाठ: नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे कोलकात्यात आहे. 13 जुलै 1997 रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन प्रतिस्पर्धी क्लबांमधील फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला 1,31,000 हून अधिक लोक होते आणि त्यांत मीही होतो. खुर्च्या नव्हत्याच. सिमेंटच्या लांब पायऱ्यांवर वर्तमानपत्र अंथरून आम्ही दाटीवाटीने बसलो होतो आणि मागच्या माणसाचे गुडघे सामना संपेपर्यंत माझ्या पाठीला टेकलेले होते. भायचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगालने 4-1 असा विजय मिळवला. पण त्यातला एक गोल मला दिसलाच नाही, कारण पुढची अख्खी रांग उभी राहिली होती.

मध्यरेषा: उत्तर याच अनुभवात आहे. पायरीवर माणसे सरकून बसतात, खुर्चीला मात्र ठरावीक रुंदी आणि येण्याजाण्याची वाट लागते. विश्वचषकासाठी प्रत्येकाला स्वतंत्र आसन आणि गर्दी झटपट बाहेर पडेल अशी व्यवस्था आवश्यक होती. हा आग्रह मला अजिबात जाचक वाटत नाही, कारण 16 ऑगस्ट 1980 रोजी याच दोन संघांच्या सामन्यात, ईडन गार्डन्सवर, 16 प्रेक्षकांचा जीव गेला होता. मैदानही नूतनीकरणातच बदलले: 2011 मध्ये मेस्सी व्हेनेझुएलाविरुद्ध येथे खेळला तो कृत्रिम हिरवळीवर, तर 2017 च्या विश्वचषकाआधी नैसर्गिक गवत आले. माझी तक्रार एकच आहे. 1987 च्या दक्षिण आशियाई स्पर्धांसाठी उपयोगी पडलेली धावपट्टी मैदानाभोवती अजूनही आहे आणि त्यामुळे प्रेक्षक खेळापासून फार दूर राहतो.

पूर्वरंग: मनःपूर्वक आभार. गंगाकाठ, नूतनीकरणानंतर आपण पुन्हा गेलात का?

गंगाकाठ: होय, अंतिम सामन्यालाच, मुलीला घेऊन. तिकिटावरचा क्रमांक पाहून आम्ही आपापल्या खुर्चीवर बसलो. धावपट्टीमुळे खेळाडू लहान दिसतात हे खरे. तरीही स्पेन दोन गोलांनी पुढे गेल्यावर इंग्लंडने 5-2 असा सामना फिरवला, तेव्हा सातही गोल आम्हा दोघांना दिसले.