गाडीतील स्क्रीनवर आकाशवाणी नाशिक लागत नाही आणि पेनड्राइव्हवरील व्हिडिओ दिसत नाही : मार्गदर्शन हवे

गंगापूररोडकर :

सर्वांना नमस्कार. आम्ही नुकतीच एक वापरलेली गाडी घेतली. आधीच्या मालकांनी कंपनीचा मूळ स्टिरिओ काढून त्या जागी मोठ्या पडद्याची अँड्रॉइड सिस्टीम बसवली होती आणि मागे बसणाऱ्यांसाठी हेडरेस्टला एक लहान पडदाही जोडून घेतला होता. सिस्टीमसोबत माहितीपुस्तिका मिळालेली नाही आणि बसवणाऱ्या दुकानाचाही पत्ता लागत नाही, म्हणून येथे सविस्तर विचारत आहे.

पहिली अडचण रेडिओची आहे. माझ्या वडिलांना आकाशवाणी ऐकण्याची फार जुनी सवय आहे आणि गाडीत बसले की ते आधी 101.4 लावायला सांगतात. खासगी वाहिन्यांपैकी 93.5 आणि 98.3 स्वच्छ ऐकू येतात, परंतु आकाशवाणी नाशिक काही केल्या लागत नाही. बाण दाबला की आकडा 101.3 वरून थेट 101.5 वर जातो आणि दोन्ही ठिकाणी केवळ फाटका, खरखरीत आवाज येतो. एरियल बदलून घ्यावी का?

दुसरी अडचण पेनड्राइव्हची आहे. घरच्या समारंभाचे मोबाईलवर घेतलेले व्हिडिओ लावले असता आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. इतर काही व्हिडिओ मात्र दिसतात, आणि तेही गाडी उभी असेपर्यंतच. हँडब्रेक खाली केला की समोरच्या पडद्यावर सूचना येते आणि चित्र बंद होते. एका परिचितांनी सांगितले की हँडब्रेकची वायर बॉडीला जोडून टाकली की हे बंधन जाते. तसे करावे का?

याखेरीज कीर्तने आणि प्रवचने क्रमाने वाजत नाहीत आणि त्यांची मराठी नावे चौकोनांच्या रूपात दिसतात. शिवाय गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी घड्याळ चुकलेले असते आणि जतन केलेल्या वाहिन्या पुसलेल्या असतात. ज्यांना यातील माहिती आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लहरींचा_श्रोता :

नमस्कार. एरियलवर खर्च करण्याची घाई करू नका. आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे : आकडा 101.3 वरून 101.5 वर उडी मारतो, ही आपण सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

एफएमचा पट्टा सर्व देशांत सारख्या पद्धतीने वाटलेला नसतो. अमेरिकेत वाहिन्या 0.2 मेगाहर्ट्झच्या अंतराने दिल्या जातात आणि त्यांचे आकडे 87.9, 88.1, 88.3 असे चालतात, म्हणजे दशांश चिन्हानंतरचा अंक नेहमी विषम असतो. आपल्याकडे असे बंधन नाही. आपल्या सिस्टीमच्या रेडिओला ‘अमेरिका’ हा प्रदेश निवडून दिलेला असणार, आणि त्यामुळे त्याच्या दृष्टीने 101.4 हा आकडाच अस्तित्वात नाही. 93.5 आणि 98.3 यांचा शेवटचा अंक विषम असल्यामुळे त्या वाहिन्या त्याला सापडतात. एरियल किंवा तिची वायर सदोष असती, तर त्याचा परिणाम सगळ्याच वाहिन्यांवर कमीअधिक जाणवला असता. केवळ एक वाहिनी गायब आणि शेजारच्या स्वच्छ, असे सहसा घडत नाही.

उपाय सेटिंग्जमध्ये आहे. रेडिओच्या पडद्यावर किंवा गाडीच्या सेटिंग्जमध्ये ‘रेडिओ एरिया’ किंवा ‘रीजन’ अशा नावाचा पर्याय शोधा. अनेक अँड्रॉइड सिस्टीममध्ये तो ‘फॅक्टरी सेटिंग्ज’मध्ये ठेवलेला असतो आणि तेथे जाण्यासाठी पासवर्ड लागतो. त्या यादीत भारताचे नाव बहुधा नसते, तेव्हा ‘युरोप’ निवडा. जपान निवडू नका, कारण तेथील एफएमचा पट्टा 76 मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या जपानी मांडणीत तो 90 वरच संपतो. याच कारणामुळे जपानहून आलेल्या मूळ स्टिरिओवर आपल्याकडच्या बहुतेक वाहिन्या लागतच नाहीत. प्रदेश बदलला की जतन केलेल्या वाहिन्या जातील, म्हणून नव्याने शोध द्या आणि 101.4 हाताने लावून जतन करा.

या बदलाचा आणखी एक लाभ होऊ शकतो. प्रक्षेपण करताना उंच सूर मुद्दाम थोडे उचलले जातात आणि रेडिओ ते तितकेच खाली आणतो. अमेरिकेतील हे प्रमाण आपल्याहून वेगळे आहे, त्यामुळे तेथील मांडणीवर आपल्या वाहिन्यांचा आवाज किंचित दबलेला वाटतो. आपल्या सिस्टीममध्ये ही बाब प्रदेशाशी जोडलेली असेल, तर आकाशवाणीवरील निवेदकाचे शब्द अधिक सुटे ऐकू येतील. वडिलांच्या वयाच्या श्रोत्यांना हा फरक खरोखर जाणवतो.

मध्यम लहरींचेही असेच आहे. आपल्याकडे दोन वाहिन्यांमध्ये 9 किलोहर्ट्झचे अंतर धरतात, अमेरिकेत 10 चे. त्यामुळे चुकीच्या प्रदेशावर 558 सारखा आकडाही लागत नाही. वडिलांना मध्यम लहरी ऐकायच्या असतील आणि आपल्या सिस्टीममध्ये तो पट्टा असेल, तर तोही याच बदलाने सुधारेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर पुन्हा सिस्टीमवर संशय येणार नाही. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरू लागलात की डोंगर आड येतात आणि नाशिकची वाहिनी तुटक होत जाते. समृद्धी महामार्गावरील इगतपुरीजवळच्या लांब बोगद्यात तर ती थांबणारच. तो दोष ना गाडीचा, ना प्रदेशाच्या निवडीचा.

चलचित्र_सातपूर :

रेडिओविषयी वर जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे पटते. मी व्हिडिओपुरते लिहितो.

आपल्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. गाडी उभी आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही ज्या व्हिडिओचा केवळ आवाज येतो, त्याचे कारण त्या फाइलच्या आत आहे. नवे मोबाईल जागा वाचवण्यासाठी एच.265 या पद्धतीने चित्रीकरण करतात. आयफोनमध्ये 2017 पासून ही पद्धत आली आणि अनेक अँड्रॉइड मोबाईलमध्येही ती असते. गाडीतील पुष्कळ सिस्टीमना त्याआधीची एच.264 पद्धत वाचता येते, पण एच.265 उलगडता येत नाही. आवाज वेगळ्या पद्धतीने साठवलेला असल्यामुळे तो वाजतो आणि चित्र काळे राहते. फाइलच्या नावापुढे दोन्ही वेळा ‘एमपी4’ असेच लिहिलेले असू शकते, म्हणून केवळ नाव पाहून हा फरक कळत नाही.

घरच्या संगणकावर व्हीएलसी या मोफत सॉफ्टवेअरमधील ‘कन्व्हर्ट’ हा पर्याय वापरून तो व्हिडिओ एच.264 मध्ये बदलून घ्या. मूळ फाइल मात्र पुसू नका, कारण बदललेल्या प्रतीची गुणवत्ता थोडी कमी होते आणि समारंभाचे चित्रीकरण पुन्हा मिळत नाही. पुढच्या वेळेसाठी आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून ठेवा. अँड्रॉइडमध्येही बहुधा एच.265 बंद करण्याची सोय असते.

पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला ठेवा, ती जवळपास सगळ्या सिस्टीमना वाचता येते. तिची मर्यादा अशी की एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही. संपूर्ण लग्नाचा व्हिडिओ एकाच फाइलमध्ये असेल तर त्याचे भाग करावे लागतील.

आता हँडब्रेकच्या वायरविषयी. कृपया तसे करू नका. त्या वायरीमुळे गाडी उभी आहे की नाही हे सिस्टीमला कळते. ती कायमची बॉडीला जोडली की ताशी 80 किलोमीटरने धावणारी गाडीही तिला उभीच भासते. त्या वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटरहून अधिक पुढे जाते. दोन सेकंद नजर पडद्याकडे वळली तर सुमारे 45 मीटर रस्ता न पाहता पार होतो, आणि मुंबई–आग्रा महामार्गावर तेवढ्या अंतरात ट्रक थांबलेला असू शकतो. मी चालवताना पाहणार नाही, असे प्रत्येक जण मनापासून ठरवतो. पण हलणारे चित्र डोळ्याच्या कडेला असले की मान आपोआप वळते, आणि तेथे निश्चय उपयोगी पडत नाही.

आपल्या हेडरेस्टला पडदा आहेच. योग्य जोडणी असेल तर समोरचा पडदा चालत्या गाडीत बंद राहतो आणि मागच्या पडद्यावर व्हिडिओ चालू राहतो, कारण तो चालकाला दिसत नाही. सेटिंग्जमध्ये ‘रिअर’ किंवा ‘ड्युअल झोन’ असा पर्याय आहे का ते पाहा. तो असल्यास समोर रेडिओ किंवा नकाशा आणि मागे व्हिडिओ अशी विभागणीही करता येते. मग मुलांना व्हिडिओ मिळेल, वडिलांना आकाशवाणी मिळेल आणि वायरीला हातही लावावा लागणार नाही.

दिंडोरी_मार्ग :

वरील मुद्द्याला कायद्याची जोड देतो. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 184 धोकादायकरीत्या वाहन चालवण्याविषयी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातातील मोबाईलसारख्या साधनाचा वापर करणेही त्यात मोडते. पहिल्या अपराधासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा 1000 ते 5000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडीत बसवलेला पडदा हातात नसतो हे खरे, परंतु व्हिडिओकडे पाहत चालवताना अपघात झाला तर ते वाहन चालवणे धोकादायक नव्हते असे कोणत्या तोंडाने सांगणार? मोबाईल गाडीच्या पडद्याशी जोडणाऱ्या अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले यांनीही चालत्या गाडीत चालकासमोर व्हिडिओ दाखवण्याची मुभा दिलेली नाही.

तारजोडणी_पंचवटी :

घड्याळ आणि वाहिन्या पुसल्या जाण्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले दिसत नाही. माझ्या मते बाकीच्या अडचणींच्या आधी याकडे पाहायला हवे, कारण प्रदेश बदलल्यानंतर तो बदलही टिकला नाही तर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागेल.

अशा सिस्टीमला विजेच्या दोन वायरी येतात. पिवळी वायर थेट बॅटरीवरून येते आणि किल्ली काढल्यानंतरही सिस्टीमची स्मृती जिवंत ठेवते. लाल वायर किल्ली फिरवल्यावरच चालू होते आणि सिस्टीमला जागे करते. आपल्या गाडीत या दोन वायरींची अदलाबदल झाली असावी, दोन्ही किल्लीवरच्या वायरीला एकत्र जोडल्या असाव्यात किंवा पिवळ्या वायरीचा फ्यूज उडाला असावा. प्रत्येक वेळी सिस्टीम सुरू व्हायला फार वेळ लागत असेल तर हा संशय आणखी पक्का होतो.

एखाद्या अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून किल्ली काढलेल्या स्थितीत मल्टिमीटरने पिवळ्या वायरीवर 12 व्होल्ट येतात का हे तपासून घ्या. फ्यूज उडालेला असेल तर तितक्याच अँपिअरचा बसवा. मोठा बसवला तर बिघाडाच्या वेळी फ्यूजआधी वायर तापते. दोन्ही वायरी थेट बॅटरीला जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, कारण मग सिस्टीम कधीच बंद होणार नाही आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरेल.

आणखी एक काम अवश्य करा. ब्लूटूथच्या यादीत आधीच्या मालकांचे मोबाईल, त्यांचे संपर्क आणि नकाशात त्यांच्या घराचा पत्ता अजून असेल, तर तो पुसणे हे आपले त्यांच्याप्रति कर्तव्य आहे. मात्र त्यासाठी थेट ‘फॅक्टरी रीसेट’ करू नका. स्टिअरिंगवरील बटणे आणि रिव्हर्स कॅमेरा चालण्यासाठी आत गाडीचे मॉडेल निवडलेले असते, आणि काही सिस्टीममध्ये रीसेटनंतर ती निवड जाते. रीसेट करावेच लागले तर आधी त्या निवडीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

गंगापूररोडकर :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. ‘युरोप’ निवडताच 101.4 लागले आणि वडिलांनी सायंकाळच्या बातम्या गाडीतच बसून ऐकल्या. पिवळी वायर किल्लीवरच्या वायरीला जोडलेली निघाली. ती इलेक्ट्रिशियनने योग्य जागी घेतली आणि त्यानंतर वाहिन्या जागच्या जागी राहिल्या आहेत. हँडब्रेकच्या वायरीला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. आता केवळ कीर्तनांचा क्रम आणि नावांचे चौकोन एवढेच उरले आहे.

लहरींचा_श्रोता :

वाचून फार आनंद झाला. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

क्रमाविषयी : बऱ्याच सिस्टीम फाइली नावानुसार वाजवत नाहीत, तर पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून नावाच्या आरंभी 001, 002 असे आकडे द्या, पेनड्राइव्ह रिकामा करा आणि फाइली त्याच क्रमाने पुन्हा भरा. केवळ 1, 2 असे आकडे दिले तर काही ठिकाणी 1 नंतर 10 लागतो, म्हणून पुढची शून्ये आवश्यक आहेत. दीर्घ कीर्तनाचे अर्ध्या तासाचे भाग करून ठेवलेत तर गाडी मध्येच बंद केल्यावर पुन्हा अगदी पहिल्यापासून ऐकण्याची वेळ येणार नाही.

चौकोनांविषयी : एमपी3 फाइलच्या आत नाव लिहिण्याची एक वेगळी जागा असते, तिला टॅग म्हणतात. जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये 30 अक्षरांचीच सोय होती आणि देवनागरीचा विचार नव्हता. संगणकावर टॅग संपादित करणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमधून आयडी3 (टॅग लिहिण्याची पद्धत) ची 2.3 ही आवृत्ती आणि देवनागरी अक्षरे साठवू शकणारा यूटीएफ-16 हा पर्याय निवडून नावे पुन्हा जतन करा. 2.4 ही आवृत्ती नवी असली तरी गाडीतील काही सिस्टीम ती वाचत नाहीत. इतके करूनही चौकोनच दिसले तर त्या सिस्टीममध्ये देवनागरी फाँट नाही असे समजा आणि नावे रोमन लिपीत लिहा. आधी एकाच फाइलवर हा प्रयोग करून पाहा, आणि नाव नीट उमटले तरच बाकीच्या फाइली बदलायला घ्या.