शाळेतून १०९८ ला (मुलांची हेल्पलाईन) फोन गेला, नवऱ्यावर कलम ७५ लागलंय, मुलगा बालगृहात आहे, काय करू?

रानजाई

नमस्कार. नाव गाव देत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं ठिकाण आहे एवढं पुरे. माझा मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. मागच्या सोमवारी ह्यांच्या खिशातून ५०० रुपये घेऊन त्याने मित्रांना खाऊ घातला आणि विचारल्यावर खोटं बोलला, तर ह्यांनी रागाच्या भरात कमरेचा पट्टा काढून मारलं. मी स्वयंपाकघरात होते, येऊन मधे पडेपर्यंत चार पाच फटके बसले होते. पाठीवर आणि मांडीवर वळ उठले. मी हळद लावली, रात्रभर त्याच्याजवळ बसून होते.

दोन दिवसांनी पीटीच्या तासाला शर्ट वर झाला आणि बाईंना वळ दिसले. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि १०९८ वर फोन गेला. संध्याकाळपर्यंत जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या मॅडम आणि एक महिला पोलीस घरी. मुलाला सरकारी दवाखान्यात नेऊन तपासलं, दुसऱ्या दिवशी बाल कल्याण समितीपुढे नेलं आणि समितीने तात्पुरतं बालगृहात ठेवलं. ह्यांच्यावर गुन्हा दाखल झालाय, बाल न्याय कायदा कलम ७५ आणि बीएनएस (भारतीय न्याय संहिता, जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) मधलं मारहाणीचं कलम. अजून अटक नाही, नोटीस दिली आहे चौकशीला हजर रहा म्हणून. हे सरकारी नोकरीत आहेत, अटक झाली तर नोकरीचं काय ही भीती वेगळीच.

आता सासूबाई आणि नणंद म्हणतायत की बालगृहात भेटायला जाशील तेव्हा मुलाला सांग, सायकलवरून पडलो म्हण, केस तिथेच मिटेल. मला हे पटत नाहीये पण घरात माझं कोणी ऐकत नाही. ह्यांनी मारलं हे खरं आहे, पण ते वाईट बाप नाहीत हो, त्याच्या तापात तीन तीन रात्री जागलेले आहेत. मला मुलगाही घरी हवाय आणि नवराही तुरुंगात जायला नकोय. वकील एकच करायचा की दोन? समितीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, रात्रीची झोप नाहीये.

गावकरी_माणूस

ताई धीर धरा. पण एक बोलतो, आम्ही तर गुरुजींच्या छड्या आणि वडलांचा पट्टा दोन्ही खाल्ले, कोणी पोलीस बोलावले नाहीत. त्या शाळेतल्या बाईंना जाऊन जाब विचारायला पाहिजे, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली. नवऱ्याला म्हणावं सरळ मारलंच नाही असं सांग, पुरावा काय आहे त्यांच्याकडे?

अॅड_कृष्णाकाठ

गावकरी, तुमचा हेतू चांगला असेल पण हा सल्ला ऐकला तर ह्या ताईंचं घर बुडेल. पुरावा दवाखान्याच्या कागदावर आहे. वळ किती, कुठे, किती लांबीचे, ताजे की जुने, हे सगळं डॉक्टर लिहितात आणि बहुतेक फोटोही असतात. पट्ट्याचा वळ आणि सायकलवरून पडल्याचं खरचटणं ह्यातला फरक कुठलाही मेडिकल ऑफिसर सांगेल. आणि शाळेत जाऊन बाईंशी भांडलात की साक्षीदारावर दबाव आणला असा अर्ज सरकारी वकील दुसऱ्याच दिवशी टाकतात, मग मिळालेला जामीनसुद्धा जातो.

ताई, मी २० वर्षं फौजदारी बाजू बघतोय, त्यातल्या बऱ्याच केसेस आरोपीच्या बाजूने लढलोय, तेव्हा बचाव कसा करायचा तेच सांगतो. सगळ्यात आधी डोक्यात हे पक्कं करा की तुमच्या दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत. एक फौजदारी केस, ती तुमच्या मिस्टरांवर, पोलीस स्टेशन आणि कोर्टात. दुसरी बाल कल्याण समितीची चौकशी, ती मुलाबद्दल, त्याला कुठे ठेवायचं ह्याबद्दल. तिथे कोणी आरोपी नसतो, पिंजरा नसतो, शिक्षा होत नाही. लोक दोन्ही एकत्र करतात आणि समितीपुढे जाऊन आम्ही निर्दोष आहोत असं भांडत बसतात, समितीला तर मूल सुरक्षित राहील का एवढंच बघायचं असतं.

कलम ७५ बद्दल. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण केली, छळ केला, जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यातून मुलाला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्यासारखी परिस्थिती आली, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही. आता शिक्षा ७ वर्षांच्या आतली असली की पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, अटक का हवी ते लिहून द्यावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अर्नेश कुमारच्या निकालात सांगितलंय. तुम्हाला जी नोटीस आली ती त्याचसाठी, नव्या बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) मधलं कलम ३५, जुनं ४१ अ. त्या नोटिशीप्रमाणे प्रत्येक तारखेला हजर रहायचं म्हणजे रहायचंच. न जाणं हेच अटकेचं कारण होतं. तरी नोकरीचा प्रश्न आहे म्हणून सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकून ठेवा, कलम ४८२. राज्य सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित झाला असं धरतात, त्यामुळे इथे आळस नको.

वकील दोन. हे मी मुद्दाम ठळक सांगतोय. तुम्ही साक्षीदार आहात, आणि कलम ७५ मधे मारहाण करायला लावणाराही येतो, म्हणजे उद्या कोणी म्हणालं की आईनेच उचकवलं तर तुम्ही पण अडकू शकता. तुमचं हित आणि मिस्टरांचं हित आज एक दिसतंय, दोन महिन्यांनी एकच असेल असं नाही. एका वकिलाने दोघांचं वकीलपत्र घेणं बरोबर नाही. तुम्हाला खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्नाची अट नाही, १५१०० ला फोन केला तरी माहिती मिळते.

एक गोष्ट स्पष्ट विचारतो आणि उत्तर इथे देऊ नका, स्वतःच्या वकिलाला द्या. हे पहिल्यांदाच झालं का? मेडिकलमधे जुने वळ निघाले आणि तुम्ही एकदाच घडलं म्हणून बसलात तर सगळा बचाव कोसळतो. वकिलाला खरं सांगा, पूर्ण सांगा. खरं काय ते माहीत असलं तरच आम्हाला काहीतरी करता येतं.

सविताताई_६१

मी एका जिल्ह्यात बाल कल्याण समितीवर काम केलेलं आहे (आता नाही), त्यामुळे खुर्चीच्या त्या बाजूचं सांगते.

बाळा, तू मुलाला काहीही शिकवू नकोस. अगदी काहीही. ९ वर्षांचं लेकरू आठ दिवस आईवाचून राहिलंय, तू भेटायला गेलीस आणि पहिल्या पाच मिनिटांत सायकलचं सांगितलंस तर त्याला काय कळतं, की मी खरं बोललो म्हणून मला इथे ठेवलंय. आमच्याकडे अशी मुलं आली आहेत, भेटीच्या आदल्या दिवशी मोकळेपणाने बोलायची आणि भेट झाल्यावर पोपटासारखं एकच वाक्य. आम्ही मुलाशी आईबापाला बाहेर ठेवून बोलतो, समुपदेशक बोलतात, तीन तीन वेळा. शिकवलेलं लगेच लक्षात येतं आणि मग समितीचा आईवरचाही विश्वास उडतो. तुझ्याकडे मूल परत द्यायचं की नाही हे जिथे ठरणार आहे तिथेच तू विश्वास गमवायचा का?

कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, आईवडलांकडे परत पाठवणं हेच आमचं पहिलं काम असतं. १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागवतात, म्हणजे कोणीतरी घरी येईल, शेजारी विचारेल, शाळेत विचारेल. चौकशी ४ महिन्यांत संपवायची असते पण मधल्या काळासाठी आदेश आधीच होऊ शकतो. तू समितीपुढे जाताना एक ठोस गोष्ट घेऊन जा. तुझा नवरा काही महिने भावाकडे किंवा मित्राकडे राहायला जाईल का? तसं त्याने लेखी हमीपत्र दिलं, कुठे राहणार तो पत्ता दिला, आणि तू अर्ज दिलास की मुलाला माझ्या ताब्यात द्या, दर आठवड्याला घरी येऊन बघा, तर समितीला विचार करायला काहीतरी मिळतं. ते जमत नसेल तर तुझ्या आईवडलांनी अर्ज करावा, योग्य व्यक्ती म्हणून आजीआजोबांकडे ठेवता येतं. माझ्या अनुभवात बाप घराबाहेर राहायला तयार झाला की निम्म्या अडचणी कमी व्हायच्या.

आणि नवऱ्याला आजच कुठल्यातरी समुपदेशकाकडे पाठव, कोर्टाने सांगायची वाट बघू नकोस. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो तिथेही चालेल. केसपेपर जपून ठेव.

दोन_लेकींचा_बाबा

ताई, मी ह्यातून गेलोय, बाजू आरोपीची. माझी मोठी तेव्हा ११ ची होती. मारलं होतं मी, लपवत नाही. पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांवर चिडलो होतो, शेजाऱ्यांवर, पोलिसांवर, बायकोवर सुद्धा की तू का खरं सांगितलंस. वकिलांनी एकच अट घातली की मुलीला, बायकोला, शाळेला, कोणालाही मेसेज करायचा नाही, सॉरीचा पण नाही. ते फार जड गेलं. पण नंतर कळलं की समोरच्या वकिलांनी आमचे जुने व्हॉट्सअॅप सगळे काढले होते, त्यात मी रागात लिहिलेलं एक वाक्य होतं तेच कोर्टात वाचलं गेलं. एवढं एक नसतं तर बरं झालं असतं.

मुलगी सहा महिने आजीकडे होती. मी दर शनिवारी एक तास, तिसरी व्यक्ती बसलेली असताना भेटायचो. पहिल्या चार भेटीत ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या भेटीत तिने विचारलं बाबा तुम्ही जेवता का नीट. मी हे लिहिताना सुद्धा... असो. तुमच्या मिस्टरांना सांगा की मुलगा बोलला म्हणून त्याच्यावर एक क्षणही राग धरू नका. त्याने काही चुकीचं केलं नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गावकरी दादा तुमच्यावर राग नाही, माझ्या घरात सगळे तेच बोलतायत. शाळेतल्या बाईंवर मला पण पहिले दोन दिवस राग होता पण काल रात्री विचार करत होते की मला वळ दिसले होते आणि मी हळद लावून शाळेत पाठवलं. बाईंनी जे केलं ते मी करायला हवं होतं.

अॅडव्होकेट साहेब, दोन प्रश्न. तो पट्टा मी त्या रात्रीच माळ्यावर टाकून दिला होता, सासूबाई म्हणतात जाळून टाक. आणि नणंदेने कुठून तरी ऐकलंय की बापाला मुलाला शिस्त लावायचा हक्क कायद्यातच आहे, तसं असेल तर वकिलांना सांगू का. तुम्ही विचारलं होतं ना पहिल्यांदाच का, तर खरं सांगायचं म्हणजे

अॅड_कृष्णाकाठ

ताई थांबा, शेवटचं वाक्य पूर्ण केलं नाहीत ते बरं झालं, पुढे लिहू नका. इथे लिहिलेलं कोणीही स्क्रीनशॉट काढून तपास अधिकाऱ्याला देऊ शकतं. पहिल्या पोस्टमधे जे लिहिलंय तेही तुमच्या वकिलाला दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याशिवाय त्यात काही बदलू नका किंवा उडवू नका. शाळेचं नाव, मुलाचं नाव, फोटो कुठेही टाकायचा नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, ६ महिने कैद किंवा २ लाख दंड. सासूबाईंनी नातेवाईकांच्या ग्रुपवर काही टाकलं असेल तर तेही विचारा.

पट्टा जाळायचा नाही, धुवायचा नाही, हलवायचा नाही. पुरावा नष्ट करणं म्हणजे बीएनएस २३८, आणि तो गुन्हा मग तुमचा होईल, मिस्टरांचा नाही. पट्टा कुठे आहे हे तुमच्या वकिलाला सांगा, पोलिसांनी विचारलं तर काय करायचं ते सांगतील.

शिस्तीचा हक्क. बीएनएस २७ मधे १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने चांगल्या हेतूने केलेली कृती गुन्हा नाही असं आहे, जुन्या आयपीसीत ते ८९ होतं. पण त्यालाच अटी जोडलेल्या आहेत, आणि पट्ट्याचे वळ दोन दिवसांनी दिसतायत म्हटल्यावर भल्यासाठी केलं हे न्यायाधीशांच्या गळी उतरवणं अवघड आहे. मी असतो तर त्यावर केस उभी केली नसती. माझा भर कशावर असता सांगू का, दुखापत साधी आहे, हाड मोडलेलं नाही, आधीची कुठली तक्रार नाही, मिस्टर प्रत्येक तारखेला हजर आहेत, स्वतःहून घराबाहेर राहिले, समुपदेशन घेतायत, मुलाला परत कोणी हात लावला नाही. दोषी ठरलेच तरी १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि तो अर्ज करताना हेच सगळे कागद लागतात. पुढे मागे हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज, कलम ५२८, करता येतो पण लहान मूल पीडित असताना घरच्यांनी आपसात मिटवलं एवढ्यावर कोर्ट सहजासहजी ऐकत नाही, मुलगा आज कसा आहे हे बघतं. तेव्हा गुन्हा नाकारत बसण्यापेक्षा आजपासून मुलगा कसा राहतोय ह्यावर जास्त मेहनत घ्या.

सविताताई_६१

भेटायला जाशील ना, त्याच्या आवडीचं काहीतरी ने, बालगृहाच्या अधीक्षकांना आधी विचारून. घरी कधी न्यायचं ह्याची तारीख त्याला देऊ नकोस, ती तुझ्या हातात नाही, चुकली तर तो अजून तुटेल. विचारलंच त्याने तर एवढंच सांग की तू खरं बोललास ते बरोबर केलंस.

रानजाई

विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आले, वकील मॅडम मिळाल्या, त्यांना सगळं सांगितलं, जे इथे लिहिणार होते ते सुद्धा. हे आजपासून मोठ्या दिरांकडे राहायला गेले, हमीपत्र तयार आहे. सासूबाई बोलत नाहीयेत माझ्याशी. मंगळवारी ११ ला समितीपुढे आहे, त्याआधी रविवारी भेट, अधीक्षकांनी तिळाचे लाडू चालतील म्हणून सांगितलंय.

आता इथे लिहीत नाही. मॅडमनी पण तेच सांगितलं.