इंजेक्शन उन्हाळ्यात सांभाळण्याबद्दल

ताई, वहिनींचं अर्धशिशीचं इरेनुमॅब इंजेक्शन नागपूरहून आर्णीकडच्या गावात आणून टिकेल का, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. फ्रीजबाहेर सात दिवस चालतं म्हणतात ते २५ अंशांपर्यंतच. आपल्याकडे मे महिन्यात घरात रात्रीही एवढा गारवा नसतो, म्हणून त्या सवलतीवर विसंबू नका. एसटीने आणताना थर्माकोलचा डबा घ्या आणि बर्फाचा पॅक फडक्यात गुंडाळा. इंजेक्शनचं पेन बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं की वाया गेलं. लाइन गेली की फ्रीज उघडूच नका. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, पण उन्हात नाही.

महिन्यातून एकदा, पोटावर किंवा मांडीवर. गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, तेवढ्यात हातपाय गाळू नका. हे झटके कमी करण्यासाठी आहे, उठलेलं डोकं यानं थांबत नाही. त्यासाठीची गोळी वेगळी जवळ असू द्या. पोट साफ होत नसेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. बीपी मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात अधूनमधून मोजून घ्याच, या औषधानं ते वाढू शकतं.