मदत हवी आहे: घाटात ब्रेक तापले होते, आता आई-बाबांना घेऊन दापोली

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत राहतो. पाच वर्षं गाडी चालवतोय, पण सगळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर. मे महिन्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. मध्येच जळका वास. वाटलं, पुढच्या टेम्पोचा. थांबून पाहिलं तर आमच्याच पुढच्या चाकातून धूर! पेडल दाबलं तर लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. अर्धा तास बसून राहिलो, तेवढ्यात लेकीचा बिस्किटांचा पुडा माकडांनी संपवला.

पॅड बदलून मेकॅनिक म्हणाला, "आता बिनधास्त जा." त्या 'बिनधास्त'नेच झोप उडाली आहे. दिवाळीत दापोली ठरलंय. लोणेरे-आंबेत-मंडणगडवरून जावं की खेडवरून? उतारावर गिअर कितवा? बाबांचा हेका, "न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं." आणि आई मागे बेल्ट लावत नाही.

प्रतिसाद १
खेडवरून जा, कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचा बराच भाग टळतो. खेडच्या पुढे वळणं आहेतच.

ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, बहुधा दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग उतरला की सोडा. पॅड बदलले, पण ब्रेक ऑइल बदललं का? ते हवेतलं पाणी शोषतं. मग तापलं की उकळतं, नळीत वाफ होते आणि वाफ दबते. तुमचं लोणी ते हेच.

बाबांना सांगा: हल्लीच्या गाडीत गिअर टाकून एक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजेक्टर इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच.

प्रतिसाद २
मागचा बेल्टही सक्तीचा आहे, दंड १००० रुपये. आईंना दंड सांगू नका. धडक झाली तर त्या पुढे बसलेल्या बाबांवर आदळतील, हे सांगा. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. तेही बघा.

धागाकर्ता
आई लगेच तयार! बाबा म्हणाले, "आमच्या फियाटला कुठे होते इंजेक्टर?" ऑइल बदललेलंच नव्हतं, उद्या गाडी टाकतोय. चारही टायर २०२२ चे निघाले. स्टेपनीवर १८१५. सेकंडहँड गाडी, डिकीतली चटई आज पहिल्यांदा उचलली.