सोन्याचे थेंब आणि लॉबीतला स्टॉल

देशपांडे बी-402: काल लॉबीत स्टॉल लावायला परवानगी कोणी दिली? आईने 'उजव्या वळणाचे सुवर्ण-नॅनो थेंब' आणलेत. 2400 रुपये! कमिटीने उत्तर द्यावं.

पाटील सेक्रेटरी: सुप्रभात. विषय गंभीर आहे. कृपया लेखी द्या.

देशपांडे बी-402: हे लेखीच आहे साहेब.

जाधव काकू: परवानगी मी दिली, अध्यक्षांना विचारून. त्या मुलाने गणपतीला 1000 रुपये वर्गणी दिली. मागच्या वर्षी मंडपाचे पैसे कोणी थकवले ते मी इथे काढत नाही.

सावंत ए-603: मार्चच्या टँकरचा हिशोब अजून आलेला नाही.

रोहन सी-201: काकू, माझं वळण लहानपणापासून वाकडं आहे. मला चालतील का थेंब? 😀

ओसवाल ए-204: सराफीत जन्म गेला माझा. सोन्याला डावं-उजवं नसतं.

मृण्मयी सी-304: काका, सुट्या गोल कणाला नसतंच. मांडणीला असतं. 2012 मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी डीएनएच्या घड्या घालून एक बारीक दांडा केला आणि त्याच्याभोवती सोन्याचे नऊ कण मळसूत्रासारखे चढवले. प्रत्येक कण 10 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एका नमुन्यात फेर उजवा, दुसऱ्यात डावा. सोनं तेच, कण तितकेच. पण वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश, म्हणजे पुढे जाताना ज्याची लहर उजवीकडे किंवा डावीकडे पिळत जाते तो, टाकला की उजवा आणि डावा प्रकाश सारखा शोषला जात नाही. 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या आसपास एकाच्या फरकाचा आलेख वर जातो तिथे दुसऱ्याचा खाली येतो.

कुलकर्णी ए-101: म्हणजे आमचा पोलच की, रसातली साखर प्रकाशाने मोजायची चाचणी! साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रोज काढायचो. साखर प्रकाशाचं प्रतल, म्हणजे त्याची लहर ज्या पातळीत हलते ती, उजवीकडे फिरवते, इन्व्हर्ट झाली (फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाली) की डावीकडे.

मृण्मयी सी-304: भाऊबंदच काका. तुमचं ते फिरणं, हे कमीजास्त शोषणं. पण साखरेत डावं-उजवं रेणूतच असतं, इथे ते माणसाने रचलंय.

रोहन सी-201: बाटली उलटी धरली तर उजवं सोनं डावं होतं का?

जाधव काकू: रोहन, कामाला जा.

मृण्मयी सी-304: नाही काकू, प्रश्न बरोबर आहे. गच्चीवर जायचा आपला गोल लोखंडी जिना आठवा. चढताना तो ज्या हाताला वळतो, उखडून उलटा उभा केला तरी त्याच हाताला वळेल. म्हणून पाण्यात हे कण कसेही लोळले तरी सगळ्यांचा मिळून फरक शून्य होत नाही.

देशपांडे बी-402: त्या जिन्याला गंज चढलाय. दोन एजीएम झाल्या.

पाटील सेक्रेटरी: कोटेशन मागवलं आहे.

जाधव काकू: आमच्या ह्यांचा पाय तिथेच घसरला. तेव्हा कोणी विचारायला आलं नाही. असो.

सावंत ए-603: टँकरचा हिशोबही शून्य होत नाही, कारण तो येतच नाही. मार्चचा.

ओसवाल ए-204: पण मृण्मयी, सोनंच का? पितळेचं करा, स्वस्त पडेल.

मृण्मयी सी-304: प्रकाश पडला की सोन्यातले इलेक्ट्रॉन एकजुटीने झुलतात. कण जवळजवळ असले की एकाचं झुलणं शेजाऱ्याला ओढतं आणि ती ओढ फेराच्या क्रमाने पुढे जाते. ज्या प्रकाशाचा पीळ या क्रमाशी जुळतो त्याचं वेगळं चालतं. नुसत्या रेणूंमध्ये हा फरक फार फिका असतो आणि बहुतेक वेळा अतिनील भागात. सोन्यामुळे तो दृश्य प्रकाशात येतो. वरून चांदी चढवली की निळ्याकडे सरकतो. पितळेचं ठाऊक नाही, सोनं-चांदी यात पक्के आहेत.

कुलकर्णी ए-101: जगदीशचंद्र बोसांनी 1898 मध्ये तागाच्या पिळलेल्या जुड्यांनी विद्युतलहरींचं प्रतल फिरवून दाखवलं होतं. तिथेही पीळ माणसाचाच.

गोखले काकू: बघा! सगळं आपल्याकडे आधीच होतं 🙏🙏

मृण्मयी सी-304: बोसांनी प्रयोग करून दाखवलं काकू, फॉरवर्ड करून नाही.

गोखले काकू: बरं बाई. आम्ही आपले अडाणी.

जाधव काकू: त्या मुलानेही प्रयोगच केला. दोन काळ्या काचांमध्ये बाटली ठेवली, लेझर मारला, काच फिरवली की उजेड कमीजास्त.

कुलकर्णी ए-101: त्या काचा एकाच प्रतलातला प्रकाश सोडणाऱ्या. फिरवल्या की रिकाम्या बाटलीनेही उजेड कमीजास्त होतो! आणि साखरेचं पाणी भरा, वर उजवं वळणही मिळेल.

देशपांडे बी-402: थांबा. आईला विचारलं. म्हणते गोड लागतं.

रोहन सी-201: 😂😂😂 2400 रुपयांचं सरबत

ओसवाल ए-204: रंग कसा आहे?

देशपांडे बी-402: पिवळसर.

मृण्मयी सी-304: इतक्या बारीक सोन्याचं पाणी लालसर दिसतं. पडताळा सोपा आहे. साखर लालपासून निळ्यापर्यंत प्रकाश हळूहळू वाढत्या अंशांनी फिरवते. उजव्या फेरात रचलेलं सोनं असेल तर 520 च्या आसपास आलेखाने एकदम उसळी घ्यायला हवी. आणि असलं तरी तो प्रयोग प्रकाश मोजायचा होता. प्यायचा नव्हता. काकूंना थेंब थांबवायला सांगा.

सावंत ए-603: मोजमापाचा विषय निघालाच आहे तर, मार्चचे टँकर किती आले?

पाटील सेक्रेटरी: सावंत, तो वेगळा मुद्दा आहे. जाधव काकू, स्टॉलवाल्याशी बोलून घ्या.

जाधव काकू: फोन बंद येतोय.

देशपांडे बी-402: मग त्याने वर्गणीत दिलेले 1000 आईला द्या. उरलेल्या 1400 चं मी बघतो.

जाधव काकू: पावती फाडली आहे. गणपतीचे पैसे परत जात नाहीत.