मदत हवी आहे : डेपोत जाण्याआधी कचऱ्याचं कंपोस्ट, पण पावसाळ्यात कसं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या भागातला ओला कचरा डेपोत न पाठवता शेजारच्या मोकळ्या जागेत लांब ढीग लावून कुजवतोय. ओला कचरा तसाच पुरला की आत हवा नसल्यानं मिथेन होतो, काळं पाणी झिरपतं. आधी कुजवला तर दोन्ही बरंच कमी होतं, म्हणून हा खटाटोप.

उन्हाळ्यात ढीग छान तापायचा, 55 अंशांच्या वर. आता पावसानं पार लगदा झालाय. मूठ दाबली की बोटांमधून पाणी गळतं आणि आंबूस वास येतो. ओल 50 ते 60 टक्क्यांपर्यंत उतरवायचीय. उसाचं पाचट इकडं भरपूर मिळतं, पण ते अख्खंच घालावं की कुट्टी करून? प्रमाण किती? ताडपत्री टाकली तर हवा कोंडते. नुसतं पत्र्याचं छप्पर पुरेल का?

दुसरं, चाळताना काचेचे, प्लॅस्टिकचे बारीक तुकडे 4 मिलिमीटरच्या चाळणीतूनही खाली येतात. असलं खत भाजीच्या रानात द्यायला माझं मन धजत नाही. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. जवळपास असाल तर बघायलाही येतो.